आईने ती टोपली उलटी धरून बघितली

आई यंदा फेब्रुवारीत आली, तीन महिन्यांसाठी, आणि मेलबर्नमधल्या कुठल्याही मराठी घरात आई-बाबा आले की जे होतं ते आमच्याकडेही झालं, ग्रेट ओशन रोड झाला, पेंग्विन झाले, शिवविष्णू मंदिर झालं, सिटीतली फुकट ट्राम झाली, आणि मग ईस्टरचा लाँग वीकेंड आला तेव्हा आता कुठे असा प्रश्न पडला. मला बज बिमला जायचं होतं, कधीपासून. नवरा म्हणाला आईंना चार तास गाडीत बसवून दगड बघायला नेणार का. आई म्हणाली, दगड तर दगड, चला.

बज बिम म्हणजे काय ते आधी सांगते, कारण इथे येऊन पाच वर्षं होईपर्यंत मलाही माहीत नव्हतं, आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना अजूनही माहीत नाहीये.

व्हिक्टोरियाच्या नैऋत्य कोपऱ्यात एक जुना ज्वालामुखी आहे. सुमारे ३७,००० वर्षांपूर्वी तो फुटला आणि त्याचा लाव्हा पन्नासेक किलोमीटर वाहत पार समुद्रापर्यंत गेला. त्या लाव्हाने ओढ्यांच्या वाटा अडवल्या, पाणी तुंबलं, तळी झाली, दलदली झाल्या. तिथले मूळ लोक म्हणजे गुंडिचमारा. त्यांनी त्याच लाव्हाच्या काळ्या दगडातून पाण्याला वाटा करून दिल्या, कालवे खोदले, दगडावर दगड रचून बांध घातले, छोटी छोटी तळी अडवली, आणि हे सगळं कशासाठी तर ईल माशासाठी. आपण वाम म्हणतो ना, त्यातलाच गोड्या पाण्यात वाढणारा प्रकार. ते त्याला कुयांग म्हणतात. नुसता पकडायला नाही हं, पकडून ठेवायला, वाढवायला. त्यातल्या एका जागेचं वय अभ्यासकांनी सुमारे ६,६०० वर्षं काढलंय. पिरॅमिडच्याही आधीचं! २०१९ मधे युनेस्कोने ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली, आणि फक्त अबोरिजिनल संस्कृतीच्या मोलासाठी यादीत गेलेली ऑस्ट्रेलियातली ही पहिली जागा आहे.

मी हे सगळं आईला गाडीत सांगत होते आणि ती ऐकत होती की झोपली होती ते आरशात नीट दिसत नव्हतं. मधेच तिने विचारलं, "म्हणजे हे इथले आदिवासी?"

हो म्हणलं तरी पंचाईत आणि नाही म्हणलं तरी. अबोरिजिनल हा शब्द बाहेरून आलेल्यांनी दिलेला, एका खंडावर अडीचशेच्या वर भाषा बोलणाऱ्या लोकांना एकाच गोणीत भरणारा. स्वतःबद्दल बोलताना ते आधी आपल्या लोकांचं नाव सांगतात, गुंडिचमारा, वुरुंजेरी, योल्ङु. आपल्याकडे वाडीवरच्या माणसाला आदिवासी म्हणलं की झालं असं आपल्याला वाटतं, पण तो स्वतःला कातकरी म्हणतो, ठाकर म्हणतो. आईला हे लगेच पटलं, ती म्हणाली बरोबर आहे, ठाकराला कातकरी म्हणलं तर चालायचं नाही त्याला.

हीच गोष्ट वस्तूंची. ऑस्ट्रेलियाचे मूळ लोक म्हणलं की आपल्या डोळ्यापुढे बुमरँग आणि ती लांब नळी, डिजरिडू. बुमरँग हा शब्द सिडनीच्या बाजूच्या एका भाषेतला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका दलदलीच्या मातीत, वायरी स्वॉम्पमधे, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची लाकडी बुमरँगं सापडली १९७० च्या दशकात, ओल्या मातीत हवा न लागल्याने टिकलेली. पण शिकारीची बरीचशी बुमरँगं परत येणारी नसतातच, ती जड असतात, नेम धरून फेकायची आणि मग चालत जाऊन आणायची. आणि डिजरिडू हे मुळात उत्तरेकडचं वाद्य आहे, आर्न्हम लँडच्या बाजूचं, मेलबर्नच्या मूळ लोकांचं नाहीच. सुव्हेनिरच्या दुकानात मात्र सगळं एकाच शेल्फवर. २०१९ मधेच इथल्या फेडरल कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड केला, इंडोनेशियात बनवलेली बुमरँगं आणि डिजरिडू अबोरिजिनल कलाकारांच्या हातची असल्यासारखी विकली म्हणून. मला ती बातमी वाचून बरं वाटलं होतं. कारण माझ्या घरात टीव्हीखाली असंच एक बुमरँग होतं, पहिल्या वर्षी घेतलेलं, आणि त्यावर ठिपके कोणी काढले हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते मी काढून टाकलं.

वॉर्नांबूल शहर सोडलं की हायवेला लागूनच टॉवर हिल लागतं, तोही जुना ज्वालामुखी, आता त्याच्या पोटात तळं आहे आणि एमू फिरत असतात. लेकीला एमू बघायचे होते म्हणून थांबलो. या टॉवर हिलच्या राखेच्या थराखाली १९४० च्या दशकात एक दगडी कुऱ्हाड सापडली होती. म्हणजे डोंगर फुटला त्याच्या आधीपासून इथे माणूस होता, हातात कुऱ्हाड घेऊन. त्याने तो डोंगर फुटताना बघितला असेल. गुंडिचमारांच्या गोष्टीत बज बिम हा त्यांचा पूर्वज आहे जो जमिनीतून वर आला, बज बिम म्हणजे उंच डोकं, डोंगर म्हणजे त्याचं कपाळ, आणि ते काळे दगड म्हणजे त्याचे दात. काही अभ्यासक म्हणतात की ही गोष्ट त्या स्फोटाचीच आठवण असू शकते, तोंडातोंडी चालत आलेली. हजारो वर्षं! मी एमूंकडे बघत होते पण डोक्यात तेच फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बज बिममधलं लेक कोंडा. त्या तळ्याचं मूळ नाव टे राक. गोऱ्या शेतकऱ्यांना कुरणं हवी होती म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे कित्येक वर्षं चर खणून हे तळं कोरडं करत आणलं गेलं, आणि गुंडिचमारांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१० मधे बांध घालून पाणी परत आणलं. म्हणजे आम्ही बघत होतो ते पाणी आता कुठे पंधराएक वर्षांचं, आणि त्याच्या कडेचे दगडी बांध साडेसहा हजार वर्षांपर्यंतचे.

आमचा गाइड गुंडिचमाराच होता, तिशीतला मुलगा, आईला त्याने पहिल्याच वाक्यात "आंटी" म्हणलं. इथे ती खास रीत आहे, वयाने आणि मानाने मोठ्या बाईला आंटी, पुरुषाला अंकल, रक्ताचं नातं असो नसो. मला वाटलं आईला समजवावं लागेल. तिला काय समजवायचं, ती आयुष्यभर भाजीवालीला मावशी म्हणत आलीये.

आईने पहिली गोष्ट काय केली असेल तर खाली बसून दगडावर हात ठेवला. "अगं, हा तर आपलाच दगड." आणि खरंच आहे ते. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचाच दगड, बेसाल्ट, वय वेगळं, खूपच वेगळं, पण तोच काळा, तोच भोकाभोकांचा, तसाच उन्हात तापणारा. आमच्या गावचे बांध, विहिरीची कडा, घराचं जोतं, सगळं यातलंच. माझ्या मनात ऑस्ट्रेलिया म्हणजे लाल माती होती आणि इथे आईच्या हाताखाली आमचं अंगण.

मग गाइडने पाण्याची वाट दाखवली. पावसाने तळं चढलं की पाणी कुठून कुठे वळतं, बांधाला मधे फट का ठेवलीये, पाणी कमी असताना कुठली फट चालते आणि जास्त असताना कुठली. ईलचं आयुष्य मोठं चमत्कारिक आहे. तो जन्मतो दूर उत्तरेला, कोरल समुद्राच्या बाजूला खोल पाण्यात, पारदर्शक काचेच्या तुकड्याएवढं पिल्लू प्रवाहाबरोबर हजारो किलोमीटर खाली येतं, नदीत शिरतं, गोड्या पाण्यात दहा-वीस वर्षं वाढतं, आणि मग एका पावसाळी शरदात परत समुद्राकडे निघतं, अंडी घालून मरण्यासाठी. त्या परतीच्या वाटेवर गुंडिचमारा उभे असायचे. लहान पिल्लांना तळ्यात वाढू द्यायचं, मोठे घ्यायचे, पोकळ झाडांत धुरी देऊन टिकवायचे, दूरच्या लोकांशी देवाणघेवाण करायची. शेजारी गोल दगडी भिंतींच्या घरांच्या खुणा आहेत. भटके लोक, शेती नाही, घरं नाहीत, असं जे यांच्याबद्दल शंभर वर्षं पुस्तकांतून लिहिलं गेलं ते त्या भिंतीशी उभं राहून खोटं दिसतं. आणि गंमत नाही, दुःख याचं की कोणाला माहीत नव्हतं असंही नाहीये. १८४१ मधे रॉबिन्सन नावाचा सरकारी अधिकारी या भागात फिरला होता, त्याने ईशान्येला ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या पायथ्याशी असेच ईलचे चर बघितले, किमान पंधरा एकरभर पसरलेले, त्याची चित्रं काढली, आणि लिहून ठेवलं की हे सुधारलेल्या माणसाचं काम वाटलं होतं पण बघितल्यावर कळलं की इथल्या लोकांचंच आहे. त्याची वही होती. वाचायला कोणी नव्हतं.

बांधाच्या फटीत जी टोपली लावतात ती गाइडने पिशवीतून काढली. दाखवायला ठेवलेली, हल्ली विणलेली. लांबट, माझ्या हाताहून थोडी मोठी, तोंडाशी रुंद आणि टोकाला निमुळती होत गेलेली, ओलसर जागेत वाढणाऱ्या पूंगॉर्ट नावाच्या उंच गवताची. आईने ती हातात घेतली आणि पहिलं काय केलं तर उलटी धरली आणि आत डोकावली.

"याला जीभ नाही," ती म्हणाली.

मी गाइडला सांगितलं, आई म्हणतेय की आमच्या गावच्या सापळ्याला आत एक जीभ असते. त्याला कळेना. मग आईने दोन हातांनी दाखवलं, बाहेरच्या टोपलीच्या आत एक छोटं नरसाळं, मासा आत जातो पण परत येऊ शकत नाही. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, आमच्या टोपलीला जीभ लागत नाही कारण मागच्या टोकाला माणूस उभा असतो. टोक उघडंच. ईल निमुळत्या टोकातून डोकं बाहेर काढतो, की तिथे उभा असलेला माणूस त्याला धरतो आणि मानेच्या मागे चावून मारतो. आई हसली नाही, किळसलीही नाही. ती म्हणाली, "म्हणजे रात्रभर ठेवून घरी जायचं नाही. उभं राहायचं. तो भला मोठा मासा असणार मग." तिला सगळं समजलं होतं. मला भाषांतर करायचंसुद्धा काम उरलं नव्हतं, ती दोघं हातांनी बोलत होती.

इथे मला आमच्या गावचं सांगायला हवं. रायगड जिल्ह्यात, खाडीपासून थोडं आत. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढे भरले की मासे प्रवाहाच्या उलटे चढून शेतात येतात, अंडी घालायला, वलगणीचे मासे. त्या दोन-चार दिवसांत आख्खा गाव रात्री बॅटऱ्या घेऊन बांधावर. आमच्या शेताच्या बांधाला जे सापळे लागायचे ते वाडीवरचे एक कातकरी बाबा विणून द्यायचे. मे महिन्यात ते आमच्या पडवीत येऊन बसायचे, बांबू चिरायचे, कोयत्याने काड्या तासायचे, पायाच्या अंगठ्यात एक टोक धरून विणायचे. आजी त्यांना चहा द्यायची, वेगळ्या कपात. ते कप कौलाखाली वेगळे ठेवलेले असायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला तिथे बसून बघायचं असायचं, आणि मला आत बोलवलं जायचं. अभ्यास कर. ते तुझं काम आहे का. मी आत जायचे.

आईला हे बोलायला आवडत नाही, तरी लिहितेय, कारण टे राकच्या काठावर ती टोपली हातात धरून ती जे बोलली ते हेच होतं. "मी पण नाही शिकले. बघितलं फक्त."

गुंडिचमारांमधे एक आंटी कॉनी हार्ट होत्या, १९१७ मधे जन्मलेल्या, लेक कोंडाच्या मिशनच्या परिसरात वाढलेल्या. मिशन म्हणजे १८६७ मधे तिथे सुरू झालेली चर्चची वसाहत, जिथे लोकांनी आपली भाषा बोलायची नाही, आपल्या रीती पाळायच्या नाहीत असा दंडक होता. कॉनीची आई टोपल्या विणायची. पण मुलीला शिकवायला तयार नव्हती, आता आपल्याला गोऱ्यांसारखंच राहायचंय, तुला याचं काय करायचंय. मग आई टोपली खाली ठेवून बाहेर गेली की ही पोर हळूच उचलून दोन टाके घालून बघायची. बस्स, तेवढंच शिक्षण. त्यानंतर आयुष्य गेलं, नोकऱ्या, शहर. आणि साठी उलटल्यावर, आई गेल्यानंतर, त्या परत आपल्या भागात आल्या, ते गवत ओळखीचं वाटलं, तोडून आणलं आणि पहिली टोपली पुरी केली. बोटांना आठवत होतं. मग त्यांनी ईलची टोपलीही विणली, आणि पुढे १९९३ मधे जाईपर्यंत कितीतरी जणींना शिकवलं. आज जे हात विणतायत त्यातले बरेच त्या दोन चोरट्या टाक्यांचे वारस आहेत.

मी हे वाचलं होतं आधी. पण आईला ते सांगत असताना माझा आवाज बसला. कारण आपण सहसा म्हणतो कला लोप पावली, जणू ती पाऊस न पडल्यासारखी आपोआप जाते. ती जात नाही, कोणीतरी मुलीला सांगतं आत जा. मिशनवाल्यांनी सांगितलं, मग आईने सांगितलं, भीतीपोटी, मुलीचं भलं व्हावं म्हणून. आमच्याकडे आजीने सांगितलं, कारण वेगळंच, आणि ते कारण मला जास्त लाजेचं वाटतं.

मेलबर्न म्युझियमकडे पॉसमच्या, म्हणजे झाडावर राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याच्या, कातड्याचं एक पांघरूण आहे, याच लेक कोंडाचं, १८७२ मधलं. अशी जुनी पांघरुणं फार थोडी उरलीत. पूर्वी इथे बाळ जन्मलं की त्याला काही कातड्यांचं छोटं पांघरूण करायचे, मूल वाढेल तशी कातडी जोडत जायचे, आतल्या बाजूला आपल्या जागेच्या, आपल्या माणसांच्या खुणा कोरायच्या, आणि माणूस गेला की त्यातच गुंडाळून पुरायचं. मग सरकारने वाटलेली ब्लँकेट्स आली आणि ही रीत थांबली. १९९९ मधे विकी आणि डेब्रा कझन्स या बहिणी आणि आणखी दोघी कलाकार ते जुनं पांघरूण बघायला गेल्या आणि तिथून पुन्हा सुरुवात झाली, २००६ च्या मेलबर्नमधल्या कॉमनवेल्थ गेम्सच्या उद्घाटनाला व्हिक्टोरियाच्या पस्तीसेक भाषिक गटांचे वडीलधारे नवी पांघरुणं लेवून आले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर पॉसमला कायद्याने संरक्षण आहे, म्हणून कातडी न्यूझीलंडहून आणतात, तिथे हा प्राणी जंगलाचा शत्रू झालाय. आईला मी म्युझियममधे नवीन केलेलं एक दाखवलं होतं. ती बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, माझ्या आईच्या लुगड्याची गोधडी तुझ्या पाळण्यात होती, नंतर तिला दोन पट्ट्या जोडून तुझ्या भावाला घातली.

तळ्याजवळच्या कॅफेत आम्ही धुरी दिलेला ईल खाल्ला. आईला आवडला, पण म्हणाली याला थोडं आगळ हवं होतं.

मे महिन्यात ती परत गेली. जाताना तिने इथल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून एकदा तो सापळा करायचा प्रयत्न केला होता, माझ्या लेकीला दाखवायला, डायनिंग टेबलवर. बाहेरची टोपली जमली. जीभ जमेना. कुठल्या काड्या आत वळतात आणि कुठल्या बाहेर राहतात तेच तिला आठवेना, आणि ते बाबा जाऊन तर बारा वर्षं झाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री व्हिडिओ कॉल आला. इकडे हीटर लावून आम्ही झोपायच्या तयारीत, तिकडे संध्याकाळ, मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय. आई वाडीवर होती. बाबांच्या सुनेच्या घरात. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं, पन्नाशीची बाई, जमिनीवर बसलेली, पायाच्या अंगठ्यात काडीचं टोक धरलेलं, अगदी तसंच. आई तिच्या शेजारी जमिनीवर बसलेली, हातात चहाचा कप, त्यांच्याच घरातला. फोन कोणीतरी पोरगं धरून उभं होतं त्यामुळे चित्र सारखं हलत होतं.

"ताईंना सांगा नीट बघायला," ती बाई म्हणाली. "मला पण सासऱ्यांनी नव्हतं शिकवलं, बायांनी विणायचं नाही म्हणायचे. मी भाकरी थापता थापता बघायची."

लेक माझ्या मांडीवर येऊन बसली. फोन सेकंदभर अडकला, मग परत चालू झाला. त्या बाईने सापळा कॅमेऱ्याजवळ आणला, इतका जवळ की काड्यांवरची कोयत्याची तास दिसली, आणि बोटाने एक एक काडी आत वळवून दाखवली. "या टोकाला बांधायच्या नाहीत. मोकळ्या सोडायच्या. मासा आत जाताना वाकतात, उलटा फिरला की टोचतात. दिसतंय का?"

"परत दाखवा," लेक म्हणाली.